शिवसागराचे चार दिवस या तरुणांना द्या

प्रति,
मा. पर्यटनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : कॅन्सरचे उपचार पूर्ण झालेल्या तरुण-तरुणींसाठी मुनावळे येथे दरवर्षी कयाकिंगचं शिबिर भरवण्याबाबत.

महोदय,



कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयावर सुरक्षेच्या कारणाने वर्षानुवर्षं निर्बंध होते. ते शिथिल करून सरकारने जावळी तालुक्यात मुनावळ्याला जलपर्यटन केंद्र उभं केलं आणि मार्च २०२४ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. त्या केंद्राच्या बाबतीत माझी एक मागणी आहे. दर हिवाळ्यात, पर्यटकांची गर्दी नसते अशा मधल्या वारांचे चार दिवस ते केंद्र कॅन्सरचे उपचार पूर्ण झालेल्या १८ ते ३९ वयाच्या मुलामुलींसाठी राखून ठेवावं. त्यांना कयाक चालवायला शिकवावं, शिवसागराच्या पाण्यावर न्यावं, काठावर मुक्काम करू द्यावा आणि यासाठी त्यांच्याकडून पैसे घेऊ नयेत.

मी माधवनगरला राहते. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना माझ्या गळ्याशी गाठ आली आणि ती हॉजकिन्स लिम्फोमाची निघाली. हा कॅन्सर ऐन विशीत गाठतो. पण वेळेवर उपचार झाले तर सगळ्यात जास्त बरा होणाऱ्या कॅन्सरांपैकी तो एक आहे. चार औषधांची केमो दर पंधरा दिवसांनी शिरेतून देतात. त्यातलं डॉक्सोरुबिसिन लालभडक असतं आणि ते हृदयाच्या स्नायूंवर ताण आणू शकतं. ब्लिओमायसिन नावाचं दुसरं औषध फुप्फुसांना इजा करू शकतं. दोन्ही माझ्या अंगातून गेली आणि त्यांनी मला वाचवलं. आज माझे रिपोर्ट चांगले आहेत.

उपचारांच्या काळात समाजाने आणि सरकारने आमच्यासाठी काय केलं, हे आधी सांगायला हवं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेमुळे आमच्या भागातल्या कितीतरी घरांवर जमीन विकायची वेळ आली नाही. उपचारासाठी जाणाऱ्या पेशंटला रेल्वेच्या स्लीपर डब्यात तिकीट माफ असतं. सांगलीहून रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघायचं, सकाळी मुंबईत उतरून परळला टाटा हॉस्पिटलच्या रांगेत उभं राहायचं, आणि मुक्काम लांबला तर दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत आसरा मिळतो का ते पाहायचं. ही वाट सांगली-साताऱ्याच्या हजारो कुटुंबांच्या पायाखालची आहे. ज्यांना मुंबई झेपत नाही त्यांच्यासाठी मिरज आहे. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तिथे मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून कर्नाटकापर्यंतचे पेशंट मिरजेला येतात. आज मिरजेत केमो आणि रेडिएशन दोन्ही होतं. मी यातल्या प्रत्येकाची ऋणी आहे.

ही सगळी व्यवस्था शेवटच्या सलाईनपर्यंत आपल्याबरोबर असते. त्यानंतर हातात एक कार्ड येतं. तीन महिन्यांनी दाखवायला या, असं त्यावर लिहिलेलं असतं. मधल्या तीन महिन्यांत त्या शरीराचं काय करायचं, हे कोणी सांगत नाही. पुढच्या तीस-चाळीस वर्षांचंही कोणी सांगत नाही.

आमच्या जिल्ह्यात कॅन्सर म्हटलं की माजी गृहमंत्री आर. आर. पाटील, आमचे आबा, आठवतात. अंजनीच्या त्या माणसाला तोंडाच्या कॅन्सरने नेलं. १६ फेब्रुवारी २०१५ ला आबा गेले, तेव्हा तासगावापासून सांगलीपर्यंत अनेक घरांत चूल पेटली नव्हती. त्या दुःखातून लोकांच्या मनात एक समज पक्की बसली की हा आजार झाला म्हणजे माणूस गेला. आणि कोणी जगलंच, तर त्याने उरलेलं आयुष्य सांभाळून, घरात बसून काढायचं. माझ्यासारख्या मुलीला भेटणारा प्रत्येक जण 'जपून राहा' म्हणूनच निरोप घेतो. ते प्रेमाने म्हणतात, मला ठाऊक आहे. पण पंचविशीतल्या माणसाला सतत जपून राहायला सांगितलं की आपलं शरीर कधीही दगा देईल, असं त्यालाही वाटायला लागतं. जिना चढताना धडधडलं की हृदय गेलं असं वाटतं. खोकला आला की रात्रभर झोप लागत नाही. गळ्याजवळ हात आपोआप जातो आणि गाठ चाचपतो. ही भीती कुठल्या रिपोर्टमध्ये येत नाही, म्हणून तिच्यावर औषधही लिहून मिळत नाही.

या वयाची आणखी एक अडचण आहे. वॉर्डात एका बाजूला लहान मुलं असतात, दुसऱ्या बाजूला आमच्या आजी-आजोबांच्या वयाची माणसं. मधल्या वयाची आम्ही तुरळक. महाराष्ट्राने लहान मुलांसाठी या बाबतीत फार आधी विचार केला. डॉ. पूर्णा कुरकुरे यांच्या पुढाकाराने टाटा हॉस्पिटलमध्ये १९९१ मध्ये बालकर्करोगातून बऱ्या झालेल्यांसाठी स्वतंत्र क्लिनिक सुरू झालं. उपचार संपल्यावरही वर्षानुवर्षं मुलांची वाढ, हृदय, शिक्षण, मन यांच्याकडे तिथे लक्ष दिलं जातं. इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने २००९ मध्ये 'उगम' हा गट उभा राहिला. लहानपणी कॅन्सर होऊन मोठे झालेले तरुण त्यात एकमेकांना हात देतात. पण ज्यांना आजार विसाव्या, पंचविसाव्या, तिसाव्या वर्षी झाला, ते लहान मुलांच्या यादीत बसत नाहीत आणि म्हाताऱ्यांच्या गप्पांत रमत नाहीत. शिक्षण, नोकरी, लग्न, मूल हे सगळं ज्या वर्षांत ठरतं, तीच वर्षं त्यांची हॉस्पिटलात गेलेली असतात. उपचार संपल्यावर बरोबरीची मित्रमंडळी खूप पुढे निघून गेलेली दिसतात.

बरी झाल्यावर मी सह्याद्रीतल्या एका ट्रेकसाठी अर्ज केला. 'पूर्वीचे आजार' या रकान्यात खरं लिहिलं. आयोजकांनी पैसे परत पाठवले आणि तब्येतीची काळजी घ्या म्हणून कळवलं. त्यांच्या जागी मी असते तर मलाही जबाबदारीची भीती वाटली असती. म्हणून मला असं ठिकाण हवं आहे, जिथे हा रकाना खरा भरल्यावर दार बंद होणार नाही, उलट त्या माहितीवरूनच पुढची तयारी केली जाईल.

अशी ठिकाणं जगात आहेत. ब्रॅड लडन हा अमेरिकेतला अट्टल कयाकपटू. त्याच्या मावशीला तरुण वयात स्तनाचा कॅन्सर झाला. ते घरात पाहिल्यावर त्याने २००१ मध्ये कोलोरॅडोत 'फर्स्ट डिसेंट्स' ही संस्था काढली. कॅन्सर झालेल्या तरुणांना ती संस्था आठवडाभर नदीवर नेते, कयाक शिकवते आणि त्यांच्याकडून पैसे घेत नाही. अशा आठवडाभराच्या शिबिराला गेलेल्या आणि न गेलेल्या तरुणांची तुलना करणारा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. शिबिराहून परतलेल्यांची स्वतःच्या शरीराकडे पाहण्याची नजर बदललेली होती, आत्मसन्मान वाढलेला होता आणि एकटेपणाची भावना कमी झालेली होती.

त्याच्याही आधी कॅनडात व्हँकुव्हरला डॉ. डॉन मॅकेन्झी यांनी एक प्रश्न हातात घेतला होता. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या बाईने त्या हाताने जोराचं काम करू नये, केलं तर हात कायमचा सुजेल, असं तेव्हा डॉक्टर सांगत. मॅकेन्झींनी १९९६ मध्ये अशा २४ बायकांना लांबलचक ड्रॅगन बोटीत बसवलं, आधी व्यायाम करून घेतला आणि मग वल्ही हातात दिली. कोणाचाही हात नव्याने सुजला नाही. आज जगभर स्तनाच्या कॅन्सरमधून उठलेल्या बायकांचे असे संघ वल्ही मारतात आणि काही वर्षांनी एकदा त्यांचा मोठा जागतिक मेळा भरतो. जपून राहण्याचा सल्ला कितीही मायेचा असला, तरी तो तपासून पाहावा लागतो, हे त्या २४ जणींनी दाखवून दिलं.

गेल्या काही वर्षांत तर व्यायामाचा विचार औषधासारखा होऊ लागला आहे. जून २०२५ मध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या ८८९ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. केमो संपल्यावर अर्ध्यांना तीन वर्षं प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली व्यायामाचा कार्यक्रम दिला होता, उरलेल्यांना माहितीपुस्तिका. पाच वर्षांनंतर व्यायामाच्या गटातले सुमारे ८० टक्के रुग्ण आजार न उलटता होते, दुसऱ्या गटातले सुमारे ७४ टक्के. चार दिवसांच्या शिबिराने कॅन्सर टळतो असा दावा मी करणार नाही. पण जे शरीर वापरायची भीती बसली आहे ते पुन्हा वापरायला शिकवणं ही चैन नाही, उपचारांचाच पुढचा टप्पा आहे, एवढं यावरून नक्की म्हणता येतं.

मग ट्रेक का नको, कयाकच का, असं आपण विचाराल.

डोंगर चढताना कोण मागे पडलं ते सगळ्यांना दिसतं. तरुणांना होणाऱ्या कॅन्सरांपैकी एक हाडाचा असतो आणि तो बहुतेक वेळा गुडघ्याजवळ धरतो. कोणाचा पाय गेलेला असतो, कोणाच्या गुडघ्यात धातूचा सांधा असतो. अशा मुलाला कड्यावर नेणं अवघड आहे. कयाकमध्ये मात्र सगळेच बसलेले असतात आणि काम खांदे, पाठ आणि कंबर करते. शिवाय एकट्याच्या कयाकमध्ये मागे धरायला कोणी नसतं. आजारपणाच्या काळात आमचे सगळे निर्णय दुसऱ्यांनी घेतले. औषध कधी, जेवण काय, बाहेर जायचं की नाही, सगळं. कयाक मात्र आपण वल्हं मारू तिकडेच वळते. डावीकडे मारलं की नाक उजवीकडे जातं. ज्याला वर्षभर कुठलीच दिशा ठरवता आली नाही, त्याला हे पहिल्या अर्ध्या तासात हाताला कळतं.

पाणी आम्हाला परकं नाही. आमच्या आजोबांची पिढी पाठीला वाळक्या भोपळ्यांची सांगड बांधून कृष्णेत पोहायला शिकली. पुराच्या दिवसांत गुऱ्हाळाच्या काहिलीत बसून पलीकडच्या मळ्यात जाणारी माणसं अजून गावोगाव भेटतात. सांगलीवाडी, समडोळी, कवठेपिरान, डिग्रज या गावांच्या होड्या शर्यतीत उतरल्या की सांगलीच्या आयर्विन पुलावर पाय ठेवायला जागा उरत नाही. आणि याच नदीने २०१९ च्या ऑगस्टमध्ये ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांच्याही वर मजल मारली. त्याच पुरात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि माणसं बुडाली. ते घाव अजून ओले आहेत. त्यामुळे पोरगी होडीत बसणार म्हटल्यावर आमच्याकडच्या आईच्या पोटात गोळा येणारच.

म्हणूनच हे शिबिर कृष्णेवर व्हावं असं मी म्हणत नाही. भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात मगरींनी माणसं धरल्याच्या घटना झालेल्या आहेत. उन्हाळ्यात पाणी आटतं आणि प्रदूषण वाढतं. तिसरं कारण आमच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे. घाटावर सगळं गाव बघायला उभं असतं आणि आम्हाला चार दिवस कोणी न बघता हवे आहेत.

शिवसागरावर ते मिळतील. तापोळ्याजवळ कोयना, सोळशी आणि कांदाटी यांचं पाणी एकत्र येतं. एका काठाला बामणोली, पलीकडे वासोट्याचं दाट जंगल. १९८५ मध्ये कोयना अभयारण्य झालं आणि २०१० पासून तो भाग सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. साताऱ्याहून कासमार्गे दीड-दोन तासांत माणूस अशा ठिकाणी पोचतो, जिथे दुकानं नाहीत आणि ओळखीचं कोणी नाही. तिथे राहणाऱ्या माणसांनीही गमावणं पाहिलं आहे. धरणासाठी त्यांची गावं, शेतं, देवळं पाण्याखाली गेली आणि तरी ती होडीने बाजाराला, होडीने दवाखान्याला जात त्याच काठावर टिकून राहिली. त्या पाण्याचा वारा कुठल्या वेळी कुठून उठतो हे त्यांच्या नावाड्यांइतकं कोणाला कळतं? आमचे शिक्षक तेच असावेत. गोव्याच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत जीवरक्षणाचं आणि बोट हाताळणीचं प्रशिक्षण मिळतं. बामणोली-तापोळ्याच्या काही मुलामुलींना सरकारने तिथे पाठवावं. शिबिर चार दिवसांचं असलं तरी ते कौशल्य त्यांना बारा महिने उपयोगी पडेल.

अधिकाऱ्यांना सर्वात मोठी काळजी सुरक्षेची वाटेल आणि ती वाटायलाच हवी. त्यासाठी काय करायचं हे डॉक्टरांना माहीत आहे. पाण्यावर येण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या कॅन्सरतज्ज्ञाकडून एक पान भरून आणावं. रक्तातल्या पेशी, विशेषतः प्लेटलेट्स, पुरेशा आहेत का. हृदयावर परिणाम करणारं औषध घेतलं असेल तर टू-डी इको अलीकडचा आहे का. ब्लिओमायसिन घेतलं असेल तर फुप्फुसांची तपासणी झाली आहे का. अशा व्यक्तीने स्कूबा डायव्हिंग तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय करूच नये. दंडातून बाहेर आलेली नळी अजून असेल तर पाण्यात उतरायचं नाही. औषध देण्यासाठी त्वचेखाली बसवलेला पोर्ट असेल तर जखम पूर्ण भरलेली हवी. मेंदूच्या गाठीचा उपचार झालेल्यांना फिट येते का, हाडं ठिसूळ झाली आहेत का, हाताला सूज आहे का, हे सगळं त्या पानावर हवं.

प्रशिक्षकांनाही काही गोष्टी सांगून ठेवाव्या लागतील. सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध घेतलेल्यांपैकी काहींना बारीक आवाज ऐकू येत नाहीत, म्हणून सूचना हातवाऱ्यांनीही द्याव्यात. व्हिन्क्रिस्टिन किंवा पॅक्लिटॅक्सेल घेतलेल्यांच्या बोटांना मुंग्या येतात, वल्हं कधी निसटतं ते कळत नाही. त्यांना हातमोजे द्यावेत आणि लवकर विश्रांती द्यावी. रेडिएशन झालेली कातडी उन्हात जळते, म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे लागतील. थकवा हा कॅन्सरनंतर बराच काळ मुक्काम ठोकून राहतो आणि झोपेने जात नाही. त्यामुळे कोणी मध्येच थांबलं तर त्याला आळशी समजू नये. दमलेल्यासाठी दोघांची कयाक तयार ठेवावी.

बाकीचे नियम पाण्यावर जाणाऱ्या कोणालाही लागू आहेत. रुंद आणि वरून उघडी कयाक, म्हणजे उलटली तरी माणूस आत अडकत नाही. प्रत्येकाला मापाचं लाइफ जॅकेट. पहिला दिवस काठाजवळच्या उथळ पाण्यात, मुद्दाम उलटून पुन्हा वर चढायचा सराव. सकाळीच पाण्यावर जायचं आणि दुपारचा वारा उठायच्या आत परतायचं. बरोबर इंजिनची बचाव बोट, एक डॉक्टर, एक नर्स, आणि काठावर उभी रुग्णवाहिका. पोहता येत नाही म्हणून कोणाला नाकारू नये. नाशिक जिल्ह्यातल्या तळेगाव रोहीसारख्या दुष्काळी गावातला दत्तू भोकनळ सैन्यात गेल्यावर वल्हं धरायला शिकला आणि २०१६ मध्ये रिओच्या ऑलिंपिकमध्ये उतरला. पाण्याची ओळख नसलेल्यालाही पाणी शिकता येतं.

आपल्या खात्यातून दुसरा आक्षेपही येईल. राज्यात कितीतरी पेशंट उपचारांपर्यंत पोचतच नाहीत, कितीतरी जण उशिरा पोचतात. अशा वेळी बऱ्या झालेल्यांना कयाकमध्ये बसवायला पैसे खर्चायचे का? हा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारला आहे. माझं उत्तर असं की आरोग्य खात्याच्या एका रुपयालाही हात लावू नका. औषधं, मशीन, डॉक्टर यांचा पैसा तिकडेच राहू दे. मुनावळ्याच्या केंद्रासाठीचा पैसा पर्यटनाचा होता, तो खर्च झालेला आहे. बोटी आहेत, जेट्टी आहे, माणसं पगारावर आहेत. मंगळवार ते शुक्रवार तिथे वर्दळ कमी असते. ते दिवस आम्ही मागतो आहोत. जी तरुण पिढी वाचवायला राज्याने योजनेतून लाखो रुपये दिले, ती घराच्या कोपऱ्यात बसून राहिली तर त्या खर्चाचंही चीज झालं नाही. ही मुलं पुन्हा कॉलेजला, कामाला, संसाराला लागली तर राज्याचंच भलं आहे.

आता एक अट. आमच्यासाठी ती सर्वांत महत्त्वाची आहे. या शिबिरात फोटो नकोत, बॅनर नको, उद्घाटन नको आणि कोणाचं नाव छापून येता कामा नये. फर्स्ट डिसेंट्सच्या शिबिरात शिरताना प्रत्येक जण एक टोपणनाव घेतो आणि आठवडाभर सगळे त्याच नावाने हाक मारतात. तिथे त्यातून आजाराची ओळख मागे पडते. आमच्याकडे त्याचा आणखी मोठा उपयोग आहे. 'कॅन्सरवर मात करणारी जिद्दी कन्या' असं एखाद्या मुलीचं नाव पेपरात येतं, तेव्हा छापणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण त्यानंतर येणारी स्थळं गावच्या वेशीवरूनच परत जातात. बहिणीचंही लग्न अडतं. मुलांच्या नोकरीच्या मुलाखतीत तब्येतीचेच प्रश्न विचारले जातात. म्हणून कितीतरी कुटुंबं हा आजार शेजाऱ्यांपासूनही लपवतात. मुलीचे केस गेले तर टायफॉइड झाला होता असं सांगतात. त्यांना मी दोष देणार नाही. समाज बदलेल तेव्हा बदलेल. तोपर्यंत सरकारने या मुलांची ओळख झाकून ठेवण्याचं वचन द्यावं. माझ्याही घरात माझ्यामागे दोन लग्नं व्हायची आहेत, म्हणून या पत्राखाली माझं नाव नाही.

मुलींसाठी आणखी थोडी सोय लागेल. स्त्री प्रशिक्षक आणि स्त्री डॉक्टर असाव्यात, कपडे बदलायला बंद खोली असावी. छातीवर, पोटावर ऑपरेशनच्या खुणा असतात. कोणाच्या पोटाला पिशवी असते. रात्री जेवण झाल्यावर मुलामुलींना एकमेकांशी बोलायला मोकळा वेळ द्यावा आणि त्या वेळेत कुठलंही व्याख्यान ठेवू नये. मूल होईल का, कोणाला कधी सांगायचं, परत झालं तर काय, हे प्रश्न आम्ही आई-वडिलांना विचारू शकत नाही. त्यांनी आधीच खूप सोसलेलं असतं. आपल्याच वयाच्या आणि तेच भोगलेल्या माणसाला ते पहिल्यांदा विचारता येतात. मला तशी एक मैत्रीण तपासणीच्या रांगेत योगायोगाने भेटली. सगळ्यांनी योगायोगाची वाट का बघावी?

महोदय, आपल्याकडे मी नेमकं काय मागते आहे ते आता एकत्र सांगते. पर्यटन विकास महामंडळाने येत्या हिवाळ्यात मुनावळ्याला चार दिवसांचं एक शिबिर ठरवावं. पहिली तुकडी बारा ते सोळा जणांची असावी. निवड मिरज, सांगली, सातारा, कोल्हापूर इथल्या कॅन्सरतज्ज्ञांनी करावी, शिफारशीच्या चिठ्ठ्यांनी होऊ नये. टाटा हॉस्पिटलचं क्लिनिक आणि 'उगम' यांचा अनुभव विचारात घ्यावा. वैद्यकीय पान कसं असावं हे ठरवण्यासाठी एक हृदयरोगतज्ज्ञ, एक कॅन्सरतज्ज्ञ आणि एक फिजिओथेरपिस्ट यांना बसवावं. जंगलाच्या काठाला जायचं असेल तिथे वनखात्याची परवानगी आधी घ्यावी. पहिल्या शिबिरानंतर आलेल्यांना सहा महिन्यांनी पुन्हा विचारावं की तुम्ही आता चालता का, पोहता का, कामावर जाता का, झोप लागते का. ती उत्तरं नावांशिवाय जाहीर करावीत. उपयोग झाला असं दिसलं तर नाशिक, नागपूर आणि कोकणातही असंच शिबिर करावं. नाही दिसला, तर तेही प्रामाणिकपणे सांगून बंद करावं.

आमच्याकडून जे करता येईल ते आम्ही करू. सांगली-मिरजेच्या ओपीडीत ओळखी झालेल्या आम्ही काही जणी आहोत. पहिल्यांदा येणाऱ्या मुलींच्या घरी जाऊन त्यांच्या आयांशी बोलणं, फॉर्म भरायला मदत करणं, सांगली आणि साताऱ्याच्या स्टँडवर मुलांना घ्यायला उभं राहणं ही कामं आम्ही अंगावर घेतो. त्यासाठी मानधन नको. भ्यायलेल्या आईला समजावण्याचं काम कुठल्याही अधिकाऱ्यापेक्षा आमच्या हातून चांगलं होईल, कारण तिच्या मुलीच्या जागी आम्ही होतो आणि आज तिच्या समोर धडधाकट बसलेल्या आहोत.

दिवाळीपूर्वी आपल्या कार्यालयाने महामंडळाला तारीख ठरवायला सांगितलं, तर जानेवारीत पहिली तुकडी पाण्यावर उतरू शकते. वाचलेल्या आयुष्याचं पुढे काय करायचं, हे ठरवण्याची ताकद या मुलांच्या अंगात आहे. ती त्यांना स्वतःला कळेल अशी जागा राज्याकडे तयार आहे. ती त्यांना द्या. हे उपकार म्हणून नको. या राज्याचे तरुण नागरिक म्हणून त्यांचा त्या पाण्यावर हक्क आहे, म्हणून द्या.

कळावे,

आपली विश्वासू,
कॅन्सरमधून बरी झालेली एक तरुणी
माधवनगर, जि. सांगली